कमिन्स नावाचा एक ड्रायव्हर

आपल्या होस्टेलच्या मेसमागे जो जनरेटर आहे ना, त्याच्या इंजिनावर एक नाव आहे. लाइट गेली की सगळ्या विंगमधून एकच आरोळी उठते, मग तो धडधडत सुरू होतो आणि आरोळी दुप्पट होते. आपली त्याची ओळख एवढीच. फर्स्ट इयरपासून मी ते नाव वाचतोय. कमिन्स. मला वाटायचं, कंपन्यांना असतात तसं काहीतरी नाव असेल. त्या नावाचा एक जिताजागता माणूस होता, तो आठवीपुढे शाळेत गेला नाही आणि एका सावकाराची मोटार चालवायला नोकरीला होता, हे मला बी.ई.ला आल्यावर कळलं. तेही कुठल्या लेक्चरला नाही, एका गंजलेल्या जीपमुळे!

ती जीप तुम्ही पाहिली असेलच. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये, टायर जमिनीत रुतलेली, बॉनेटवर कबुतरांची वस्ती. कोकणातून आलेली जुनी पेट्रोल जीप, कोणीतरी कॉलेजला देऊन टाकलेली. इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला. आमच्या ग्रुपनं ठरवलं, फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच. पेट्रोल इंजिन काढायचं आणि भंगारातून मिळालेलं मॅटाडोरचं डिझेल इंजिन तिच्यात बसवायचं. (रस्त्यावर काढायची नाही हो! त्यासाठी आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी.वर नोंद लागते. आपली फक्त कॅम्पसात फिरेल.)

सरांनी सिनॉप्सिस वाचला आणि बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं असं की, इंजिन बदलणं हे काम गॅरेजवाले वर्षानुवर्षं करत आलेत, त्यात इंजिनिअरिंग कुठे आहे? ते दाखवा, नाहीतर सरळ एखादं सिम्युलेशन घ्या. म्हणून आम्ही लिटरेचर सर्व्हे करायला लायब्ररीत जाऊन बसलो. आणि तिथे मला क्लेसी कमिन्स भेटला.

क्लेसी लाइल कमिन्सचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, हनी क्रीक नावाच्या खेड्यात. आपल्याकडे टिळक-आगरकरांचा काळ चालू होता तेव्हाची गोष्ट. घर शेतकऱ्याचं. शिक्षण बेताचं. पण अकराव्या वर्षी या पोरानं चालणारं वाफेचं इंजिन तयार केलं होतं. लाकडाचे साचे स्वतः कोरले आणि त्यांच्यावरून ओतकाम केलं. आपण सेकंड इयरला पॅटर्न आणि मोल्डिंगचा जॉब कसाबसा करतो आणि सही मिळाली की सुटलो म्हणतो. या पोराला सही देणारंही कोणी नव्हतं.

पुढे कोलंबस नावाच्या गावात (न्यूयॉर्कजवळ नाही, इंडियानातच हे छोटं गाव आहे) डब्ल्यू. जी. अर्विन नावाचे एक बँकर होते. त्यांच्याकडे क्लेसी १९०८ च्या सुमारास मोटारीचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून लागला. त्या काळात मोटार ठेवायची म्हणजे ती दुरुस्त करणारा माणूसही ठेवावा लागे. अर्विनसाहेबांनी या पोराचे हात बघितले. त्याला स्वतःची कामं करायला जागा दिली, वर्कशॉप उभं करायला मदत केली. मला या सगळ्या गोष्टीत हा अर्विन फार महत्त्वाचा वाटतो. मालकानं ड्रायव्हरच्या डोक्यावर पैसे लावायचे, हे तेव्हाच काय, आजसुद्धा किती घडतं?

१९११ साली इंडियानापोलिसला ५०० मैलांची मोटारशर्यत पहिल्यांदा झाली. ती रे हॅरून यानं मार्मन गाडीवर जिंकली आणि त्या गाडीच्या तयारीत आपला क्लेसीही होता. शर्यतीचा हा नाद त्याला जन्मभर पुरला.

आता डिझेलकडे येतो. रुडॉल्फ डिझेलनं आपलं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत चालवलं. ते सुमारे तीन मीटर उंच होतं! स्पार्क प्लग नाही, हवाच इतकी दाबायची की ती तापते आणि फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. हे आपण सगळे व्हायवाला तोंडपाठ सांगतो. पण इतका दाब सोसायचा तर सगळं जाडजूड हवं, म्हणून इंजिन वजनदार आणि संथ. कारखान्यात ठेवा, जहाजात ठेवा, बोटीत ठेवा. मोटारीत? छे!

क्लेसीला हे इंजिन लहान करायचं होतं. ३ फेब्रुवारी १९१९ ला अर्विनच्या पैशावर कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली. सुरुवात झाली ती दुसऱ्याच्या परवान्यावर, ह्विड नावाच्या पद्धतीची छोटी तेल-इंजिनं बनवून. त्यात उच्च दाबाचा पंप नसायचा. सिलिंडरमध्ये एक छोटी वाटी, तिला बारीक भोकं. वाटीतल्या थोड्या तेलानं पेट घेतला की उरलेलं तेल त्या भोकांतून बाहेर फेकलं जायचं. कल्पना झकास, पण वेगावर ताबा ठेवणं कठीण. ही इंजिनं सीअर्स रोबक या कंपनीनं शेतकऱ्यांना विकायला घेतली. सीअर्सची अट अशी की माल पसंत नसेल तर पैसे परत. झालं! शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरायचं आणि काम संपलं की परत पाठवायचं. काही इंजिनं खरोखरच बिघडलेली असायची, हेही खरं. कंपनी जन्मल्याबरोबर बुडायच्या बेताला आली.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती सगळी तोट्याचीच आहेत. क्लेसीनं ह्विडची पद्धत सोडून स्वतःची इंधनपद्धत काढली. तेल कमी दाबावर मोजून इंजेक्टरपर्यंत आणायचं आणि शेवटचा जोराचा दाब इंजेक्टरमध्येच, इंजिनाच्या कॅमनं द्यायचा. हा कॅम लक्षात ठेवा, तो शेवटी पुन्हा येणार आहे. इंजिनं सुधारत गेली, बोटींसाठी आणि यंत्रांसाठी थोडीफार खपू लागली. आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. हौशी बोटी घेणारे श्रीमंत लोक रातोरात गिऱ्हाइकं राहिले नाहीत. अर्विननं दहा वर्षं पैसे ओतले होते, एक पैसा परत आला नव्हता. आता कंपनी बंद करावी, असं त्याच्या मनात पक्कं होत आलं.

इथे आपण असतो तर काय केलं असतं? प्रोजेक्शन काढलं असतं, रिपोर्ट लिहिला असता, स्पायरल बाइंडिंग केलं असतं. क्लेसीनं एक जुनी, वापरलेली पॅकार्ड लिमोझिन घेतली. तिचं पेट्रोल इंजिन काढलं आणि त्या जागी आपलं मॉडेल यू नावाचं चार सिलिंडरचं डिझेल बसवलं.

वाचायला हे एक वाक्य आहे. आमची जीप उघडल्यापासून मला या एका वाक्याची भीती वाटते. इंजिन बदलणं म्हणजे चार बोल्ट काढून चार बोल्ट लावणं नव्हे. गॅरेजवाले ज्याला इंजिनाचं फाउंडेशन म्हणतात, ते चासीवर नव्या जागी बनवावं लागतं, आणि डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षा दणदणीत. इंजिनाचं तोंड आणि गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट हवी, आणि तिचा मध्य थोडा जरी सरकला तरी क्लच नि बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. पुढच्या पाट्यांवर वजन वाढतं. शिवाय वेगाचं गणित. क्लेसीचं ते इंजिन मिनिटाला हजारच्या आसपास फेऱ्यांवर काम करणारं. आता नुसता अंदाज म्हणून करून बघा. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरा, डिफरन्शियलचं गुणोत्तर साडेचार धरा. टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या १००० फेऱ्या म्हणजे चाकाच्या साधारण २२२. म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. म्हणजे ताशी ३० किलोमीटर! एवढा खटाटोप करून सायकलवाला बरोबरीनं येणार. हे गणित मी सरांना दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत जरा पुढे सरकले.

तर १९२९ च्या नाताळच्या दिवशी क्लेसी ती पॅकार्ड घेऊन अर्विनकडे गेला आणि जुन्या मालकाला बसवून फिरवून आणलं. पूर्वी पगारावर जे काम करायचा तेच. अमेरिकेतली ही पहिली डिझेल मोटार मानली जाते. (मोटार कारखान्यातूनच डिझेलवर निघून बाजारात यायला १९३६ ची मर्सिडीज २६० डी उजाडावी लागली.) फेरफटका मारून आल्यावर अर्विनचा बेत बदलला. कंपनी बंद झाली नाही.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३० मध्ये, ऐन थंडीत क्लेसीनं ती गाडी इंडियानाहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाच्या वेळेला तिथे नेली. सुमारे ८०० मैल, म्हणजे १२८० किलोमीटरच्या आसपास. इंधनाचा एकूण खर्च आला १ डॉलर ३८ सेंट. पेपरवाल्यांना बातमी मिळाली! डिझेलचे तांत्रिक गुण दहा वर्षं समजावून जे झालं नाही, ते या एका आकड्यानं केलं. मात्र इंजिनिअर म्हणून आपण एक गोष्ट बघायला हवी. या आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. डिझेल इंजिन तेल कमी पितं ही एक, आणि ते तेल तेव्हा पेट्रोलच्या मानानं फार स्वस्त होतं ही दुसरी. क्लेसीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुठला आकडा लोकांच्या डोक्यात राहतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग त्याला सूरच सापडला. १९३० मध्येच फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर पॅकार्डमधल्या डिझेलनं ताशी ८०.३८९ मैल, म्हणजे १२९ किलोमीटर वेग गाठला. फेब्रुवारी १९३१ मध्ये ड्युसेनबर्गच्या चासीत इंजिन बसवून १००.७५५ मैल. म्हणजे पुन्हा एकाच्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन! हीच ड्युसेनबर्ग त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली. चालवणारा डेव्ह इव्हान्स. गाडी सगळ्यांत वेगवान नव्हतीच, नंबर आला तेरावा. पण ती २०० फेऱ्यांत एकदाही थांबली नाही. ना तेलासाठी, ना टायरसाठी. त्या शर्यतीत न थांबता ५०० मैल पुरे करणारी ती पहिली गाडी. तेल लागलं ३१ गॅलन, म्हणजे ११७ लिटरच्या आसपास. मला या तेराव्या नंबरचं फार कौतुक वाटतं. पहिला आलेला किती जणांना आठवतो? (लुई श्नायडर. मलाही बघावं लागलं.)

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी खुशीत होतो. प्रोजेक्टला लागणारी गोष्ट मिळाली होती. जुनी गाडी, नवं इंजिन, वाचलेली कंपनी. प्रेझेंटेशनला याहून चांगली पहिली स्लाइड कोणती?

पण त्याच आठवड्यात आमच्या जीपनं आम्हाला जमिनीवर आणलं. म्हणजे अक्षरशः. ड्रायव्हरच्या बाजूची फ्लोअर बघायला म्हणून माझ्या रूममेटनं आत पाय ठेवला आणि पाय पत्र्यातून आरपार खाली गेला. वरून रंग ठीक दिसत होता. आधी कोणीतरी गंजावर लांबी भरून, घासून, वर रंग मारला होता. त्या लांबीखाली पत्रा नव्हताच, नुसता लाल भुगा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून फुगतो, रंगाला फोड आणतो, फोडातून पाणी शिरतं आणि पुन्हा गंज. दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात तर पाणी केशाकर्षणानं चढून बसतं, सुकतच नाही. त्यात कोकणातली खारी हवा. आम्ही हातोडीचं टोक घेऊन ठोकत ठोकत चासीपर्यंत गेलो. चांगला पत्रा ठणठण वाजतो, सडलेला बद्द. ज्या आडव्या पट्टीवर आम्ही इंजिनाचं मागचं फाउंडेशन बसवणार होतो, ती बद्द वाजली.

दोन महिने गेले त्यात. वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या काकांनी शिकवलं. सडका भाग वाचवायचा मोह करायचा नाही, चकाकणारं लोखंड लागेपर्यंत ग्राइंडरनं कापत जायचं. मग तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा बरोबर मापात कापून, आधी लांब लांब अंतरावर टाके घालायचे, एक इकडे तर पुढचा तिकडे. सलग वेल्डिंग ओढत नेलं की पत्रा तापून वेडावाकडा होतो. चासीला पत्र्याचं ठिगळ चालत नाही, तिथे जाड पट्टीच हवी. शेवटी रेड ऑक्साइड आणि मग रंग, आणि पाणी निघून जायला भोकं मोकळी ठेवायची. आमच्या एका दीडशहाण्यानं (मीच तो) पाणी आत शिरू नये म्हणून ती भोकं बुजवून टाकली होती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी आत बादलीभर पाणी ओतलं आणि मला ते बाहेर काढायला सांगितलं.

त्या दोन महिन्यांत रात्री रूमवर क्लेसीचं पुढचं आयुष्य वाचत होतो आणि मला पॅकार्डच्या गोष्टीची दुसरी बाजू दिसायला लागली.

१९३१ मध्येच, शर्यतीनंतर, क्लेसीनं ट्रकमध्ये डिझेल बसवून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस प्रवास केला. ३,२१४ मैल, पाच हजार किलोमीटरहून जास्त. इंधनखर्च ११ डॉलर २२ सेंट. हा आकडाही गाजला. पण या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात जे घडलं ते आकड्यात मावणारं नव्हतं. कॅलिफोर्नियात काहोन पास नावाचा लांबलचक घाट आहे. डोंगर ओलांडून ट्रक सॅन बर्नार्डिनोकडे उतरायला लागला आणि ब्रेक तापून निकामी झाले. क्लेसी ट्रकमध्येच होता. उतारावर वेग वाढत चाललेला, आणि खाली समोर रेल्वेचं फाटक, त्यावरून मालगाडी चाललेली. मालगाडीचा शेवटचा डबा फाटकातून पुढे सरकला आणि ट्रक त्याच्यामागून थोडक्यात पार झाला.

ब्रेक का गेले? इथे मला इंजिनिअरिंग सापडलं, सरांनी विचारलेलं. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटल बंद होतं. पिस्टनला बंद दारातून हवा ओढावी लागते, त्यात शक्ती खर्च होते, आणि गाडी आपोआप रोखली जाते. घाटात खालच्या गिअरवर गाडी उतरवतात ती याच जोरावर. डिझेलमध्ये ते थ्रॉटलच नसतं! हवा मोकळीच आत येते. पिस्टन ती दाबतो खरा, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, घेतलेली बहुतेक शक्ती परत देऊन टाकते. म्हणजे पेट्रोल काढून डिझेल बसवलं की गाडी चढावर दमदार होते, स्वस्तात जास्त माल ओढते आणि उतारावर तिला रोखणारा एक हात कमी होतो. ब्रेक मात्र जुनेच, पेट्रोलच्या हिशोबाचे. इंजिन बदलणाऱ्यानं इंजिनाचा विचार केला होता, उताराचा केला नव्हता. आणि तो इंजिन बदलणारा म्हणजे क्लेसी स्वतःच!

हे एका ट्रकपुरतं राहिलं असतं तर वेगळी गोष्ट. पण कमिन्स कंपनीला जगवलं ते याच धंद्यानं. मंदीच्या त्या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागातले ट्रकवाले आपल्या चालू ट्रकमधलं पेट्रोल इंजिन काढून कमिन्सचं डिझेल टाकून घेऊ लागले, कारण तेलाचे पैसे वाचत होते. घाटाचा मुलूख तोच. १९३५ मध्ये क्लेसीनं ऑबर्न गाडीत छोटं डिझेल बसवून पुन्हा न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस गाठलं, ७ डॉलर ६३ सेंटमध्ये. १९३७ साली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल अठरा वर्षांनी, कंपनीनं पहिल्यांदा नफ्याचं तोंड पाहिलं. तोवर कारभार अर्विनचा नातू लागणारा जे. अर्विन मिलर बघू लागला होता. पुढे युद्ध आलं, महामार्ग आले, ट्रक मोठे झाले, कंपनी अफाट वाढली. १९५२ च्या इंडियानापोलिसला तर कमिन्सच्या डिझेल गाडीनं पात्रता फेरीत सगळ्या पेट्रोल गाड्यांना मागे टाकून पहिली जागा पटकावली होती. शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर तिच्या टर्बोच्या तोंडात ट्रॅकवरचा रबराचा कचरा अडकला आणि ती थांबली. टर्बोची हवा कुठून घ्यायची, हे चुकलं होतं. कमिन्सवाल्यांचं नशीबच असं की त्यांचं इंजिन शाबूत आणि त्याच्या आजूबाजूचं काहीतरी घात करणार.

क्लेसीनं १९५५ साली कंपनी सोडली. वय सहासष्ट. कॅलिफोर्नियात जाऊन राहिला. पैसा होता, नाव होतं. स्वस्थ बसला असता तर कोणी विचारलं नसतं. पण त्यानं घरच्या घरी पुन्हा ड्रॉइंग काढायला घेतलं, आणि विषय कोणता? काहोनचा उतार. चोवीस वर्षांनंतर!

त्याची युक्ती फार देखणी आहे. डिझेलमध्ये दाबलेली हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते म्हणून रोख मिळत नाही, बरोबर? मग ती परत ढकलायच्या आत सोडूनच द्यायची. कॉम्प्रेशन स्ट्रोक संपता संपता एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. दाबायला खर्चलेली शक्ती हवेबरोबर एग्झॉस्टमधून निघून जाते, पिस्टनला परत मिळत नाही. इंजिन तेवढ्यापुरतं गाडी ओढणारं न राहता गाडीनं चालवलेला एअर कॉम्प्रेसर होतं. पण नेमक्या त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडायचा कोणी? आता तो कॅम आठवा. क्लेसीच्या इंजिनात इंजेक्टर दाबणारा कॅम नेमका कॉम्प्रेशनच्या शेवटीच हलतो. त्याची हालचाल तेलाच्या दाबानं एका छोट्या पिस्टनमधून दुसऱ्या पिस्टनकडे नेली की एग्झॉस्ट व्हॉल्व्ह हव्या त्या वेळी उघडतो. तरुणपणी तेल फवारायला केलेली व्यवस्था म्हातारपणी गाडी थांबवायला कामी आली. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी रूममेटला उठवून सांगितलं. त्यानं उशी फेकून मारली.

ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्ज कंपनीनं हा ब्रेक बनवायला घेतला आणि १९६१ पासून तो बाजारात आला. ट्रकवाले त्याला जेक ब्रेक म्हणतात. उतारावर त्याचा फटफट आवाज एवढा मोठा होतो की अमेरिकेत बऱ्याच गावांच्या वेशीवर तो लावू नये अशा पाट्या असतात.

त्याच सुमाराला, १९६२ साली, पुण्यात किर्लोस्करांबरोबर किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कोथरूडच्या त्या कारखान्याबद्दल पुण्याच्या पोरांना मी काय सांगणार! कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही हेच नाव आहे. क्लेसीनं १९६७ साली आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं आणि १७ ऑगस्ट १९६८ ला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तो गेला.

सिनॉप्सिस आम्ही बदलून दिला. नावात इंजिनाच्या जोडीला ब्रेकिंग हा शब्द घातला, घाटातल्या उताराचं गणित जोडलं, चासीवर कुठे किती पत्रा कापून बदलला त्याचा नकाशा लावला. सरांनी या वेळी तो बाजूला ठेवला नाही. लाल पेननं भरपूर खुणा केल्या, म्हणजे वाचला.

मॅटाडोरचं इंजिन अजून शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर बसलंय. कालच्या रविवारी ते चढवायचं ठरलं होतं, साखळी-पुली पण आणली होती. पण काकांनी आधी चारी चाकं काढायला लावली. ब्रेकचे ड्रम उघडले तर मागच्या दोन्ही चाकांचे लायनर तेलानं माखलेले आणि एका सिलिंडरचा पिस्टन गंजून जागेवरच बसलेला. तो सध्या माझ्या टेबलावर एका वाटीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. वाटी मेसची आहे, मेसवाल्यांनी कृपया रागावू नये.